पंधरा वळ, दोन गाठी

जानेवारीच्या थंडीत बायकोला दरदरून घाम फुटलेला पाहून मी तिला सुंठ, मिरे आणि लवंगांचा काढा पाजला आणि वरून दोन गोधड्या घातल्या. काढा मी स्वतःच्या हातानं केला होता, ही त्यातली अभिमानाची गोष्ट. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं वाचून केला होता, ही लाजेची. दहा मिनिटांत दोन्ही गोधड्या माझ्या अंगावर आल्या. तिनं खिडकी उघडली, पंखा पाचवर केला आणि त्याच्याखाली उभी राहून म्हणाली, "मला ताप आलेला नाही. माझं वय झालंय. आणि तुमच्या काढ्यानं ते आत्ता आणखी दहा वर्षांनी वाढलं."

मी तोवर थर्मामीटर शोधत होतो. तो सापडला तेव्हा मी गोधडीत होतो आणि मला हुडहुडी भरली होती.

परभणीत एका कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. कुठलं पत्र कुठल्या तारखेला आलं, कुठल्या टेबलावर गेलं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण घरात चोवीस वर्षं सोबत राहिलेल्या बाईची पाळी जायला लागलीय, तिच्या अंगातून वाफा निघतात, गुडघे धरतात आणि भाजीत मीठ घालताना मधेच डोळे भरून येतात, याची नोंद माझ्याकडं नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पिंगळीच्या आक्काकडं घेऊन जा तिला." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हणजे तुमालाच घेऊन जावं लागंल तिला. तिथं बाप्या माणसाशिवाय चालत नाही."

याचा अर्थ मला तिथं गेल्यावर कळला.

आक्का मेंढरंवाली होती. पिंगळीच्या स्टेशनापासून थोडं पुढं, रुळाच्या कडेच्या लिंबाखाली तिचा वाडगा, काटेरी कुंपणातला. पंचवीस-तीस मेंढरं, आठ-दहा शेळ्या आणि एक बोकड. सत्तरीची असावी. काष्ट्याचं लुगडं, खांद्यावर काळी घोंगडी. मे महिन्यातसुद्धा ती घोंगडी मी कधी खाली आलेली पाहिली नाही. मनगटावर गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ, तेही बंद. वेळ ती आगगाड्यांवरून सांगायची. गाडीला उशीर झाला की आक्काचा दिवसही तेवढा मागं सरकायचा, आणि त्याबद्दल ती रेल्वेलाही दोष द्यायची नाही. "तिचीबी काही अडचण आसंल," म्हणायची.

तिच्याकडं पन्नाशीच्या आसपासच्या बाया यायच्या. लेकरं होण्याचा इलाज ती करत नव्हती, लेकरं होऊ नयेत याचाही नाही. "ते करणारे लय हायेत. ते दोन्ही सरल्यावर बाईला कोन बी इचारत न्हाई. मी तेवढंच बघती."

आणि तिची रीत अशी, की बाई मागं घोंगडीवर बसायची, नवरा पुढं पोत्यावर. नवऱ्याच्या हातात ती त्या बोकडाचं दावं द्यायची. एकदा मी विचारलं होतं, हे कशासाठी. म्हणाली, "बाप्याचे हात रिकामे आसले की तो खोटं बोलतो. बोकड धरलं की त्याला हुशारी करायला येळ ऱ्हात न्हाई."

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून बोकड धरून बसलो. बोकड उग्र होता आणि त्याला माझ्या खिशातल्या पेनाची ओढ लागली होती.

"मास्तर, हिला झोप लागती का?"

"मी मास्तर नाही आक्का, लिपिक आहे."

"एकच की. लिव्हतोस ना? झोप लागती का हिला?"

"लागते."

मागून बायको खोकली.

"जेवन?"

"व्यवस्थित."

पुन्हा खोकला.

"गुडघा कंचा दुखतो?"

निम्म्या शक्यतेवर भरवसा ठेवून मी उजवा म्हणालो. बायकोनं आता खोकण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"पाळी शेवटची कवा आली?"

बोकडानं तेवढ्यात पेन काढून घेतलं, म्हणून मी वाचलो. आक्कानं त्याच्या तोंडातून पेन ओढलं, लुगड्याला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "ही पांढरी शेळी कवा माजावर आली, कवा व्याली, समदं मला मालूम हाय. ती बोलत न्हाई तरी. तुझी तर बोलती. जा घरी. आठ दिस बघ हिच्याकडं आन मंग ये. औषीद न्हाई आज."

परत येताना बायको स्कूटरवर मागं बसून हसत होती. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, असं मला वाटलं. पण मग हेही वाटलं, की ते तरी खरं आहे की माझ्याकडं त्याचीही नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली एक जुनी कोरी वही घरी आणली आणि मला जमते त्या एकाच भाषेत सुरुवात केली. 'सकाळी सव्वानऊ. पदराने तोंड पुसले. पंख्याचा वेग वाढवला.' 'दुपारी दोन. जेवण अर्धे. वांगे पानात तसेच.' 'सायंकाळी सहा. माझ्यावर चिडली. कारण नमूद नाही.' आठ दिवसांनी बोकड धरून मी हे सगळं आक्काला वाचून दाखवलं. ती मिश्री लावता लावता डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आता कसं."

मग औषधं सुरू झाली. औषधं म्हणजे काय, तर भाजलेल्या जवसाची चटणी रोजच्या जेवणात. धने भिजवलेलं पाणी सकाळी. शतावरीची मुळी, ती आक्का स्वतः उकरून आणायची, दुधातून. एका वेळी एकच गोष्ट, ती पंधरा दिवस, मग दुसरी. "तीन तीन चिजा संगं दिल्या तर कंच्यानं बरं वाटलं ते काय कळनार? तुझ्या कचेरीत एका टपालावर तीन आवक नंबर टाकता का?" तिखटाचं परहेज, दुपारनंतर चहा बंद आणि रोज संध्याकाळी रुळाच्या कडेकडेनं दोघांनी चालायचं. दोघांनी हे ती बजावून सांगायची.

एकदा झरीहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांनी पिशवीतून एक चकचकीत डबा काढला. कुणा ओळखीच्यानं दिलेली पावडर, चाळिशीनंतरच्या बायकांच्या सगळ्या तक्रारींवर. आक्कानं डबा हुंगला आणि चिमूटभर पावडर पाल्यावर टाकून शेळीपुढं धरली. शेळीनं मान फिरवली. "शेळी आडुळसा सोडून समदं खाती," आक्का त्यांना म्हणाली. "हे आडुळशाच्याबी फुडचं हाय. न्हे परत." ते गृहस्थ रागावून म्हणाले, माझी बायको काय शेळी आहे का. त्यावर आक्का शांतपणे म्हणाली, "न्हाई. शेळीला मान फिरवता येती. तुझी बायको तू दिलं म्हणून खायली."

बायकोला हळूहळू बरं वाटू लागलं. जवसानं, चालण्यानं, की कुणीतरी विचारायला लागलं म्हणून, ते मी सांगू शकत नाही. आक्कानंही कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "बरं वाटायलंय ना? मंग कागद कशाला पायजे?"

पण तिच्या सगळ्या विक्षिप्तपणात एक गोष्ट अशी होती, की तिच्या बाबतीत ती गंमत करत नसे. ती म्हणजे सुतळी.

पाळी लांबायला लागलेल्या प्रत्येक बाईला ती हातभर सुतळी द्यायची. पाळी न येता अवस गेली की एक गाठ. मधेच पाळी आली तर सगळ्या गाठी सोडायच्या, पुन्हा पहिल्यापासून. ओळीनं बारा गाठी झाल्या की बाई मोकळी. त्या दिवशी आक्का तिला गूळ-खोबरं द्यायची आणि मिश्रीचं बोट तोंडातून काढून, चूळ भरून, स्वच्छ तोंडानं एक वाक्य बोलायची. पहिल्या दिवशीही तेच बोलायची. "बारा गाठी झाल्यावर कापडाला टिपक्याएवढा जरी डाग दिसला, तरी माझ्याकडं यायचं न्हाई. सरळ मोठ्या दवाखान्यात. मी औषीद देनार न्हाई, पाया पडलीस तरी."

बायकोच्या बारा गाठी ओळीनं झाल्या, मधे एकदाही सोडाव्या लागल्या नाहीत. गूळ-खोबरं मिळालं. पुढंही ती सवयीनं गाठी मारत राहिली. तिला आणखी एक आनंद होता. पोखर्णीचा नरसिंह आमचं कुळदैवत. कार्तिकात आम्ही सगळं घर जमून तिथं पुरणाचा नैवेद्य करतो. दर वर्षी कुणीतरी एकजण 'बाहेरची' व्हायची आणि भांडी घासत लांब बसायची. बायको त्यात बऱ्याचदा असायची. त्या वर्षी ती म्हणाली, "आता माझं काही अडत नाही. पुरण मी घालणार." आणि तिनंच घातलं. पंक्तीत सगळ्यांनी वाखाणलं. घरी येताना ती गप्प होती. मी वहीत लिहिलं, 'दमली.'

दोन-अडीच महिन्यांनी, पौषातल्या एका सकाळी, मी कचेरीला निघालो होतो. बायकोनं सुतळीचं भेंडोळं माझ्या हातावर ठेवलं.

"आज जरा पिंगळीला जाऊन या. आक्काला म्हणावं, परत आलीय. थांबायला काही झाडाची साल-बिल देत असल्या तर द्या म्हणावं."

"परत आली म्हणजे? तुझ्या तर बारा..."

"चुकल्या होत्या मोजायला. सोडल्या मी. आता दोनच आहेत बघा."

मी बघितलं. दोनच होत्या. मी खात्रीनं मान हलवली. आवक-जावकचा माणूस, समोर जे आहे तेवढं मानतो.

पिंगळीला पोचलो, पोत्यावर बसलो, बोकडाचं दावं स्वतःच हातात घेतलं. इतकी सवय झाली होती. वही काढून वाचायला सुरुवात केली. "आक्का, गेल्या दोन महिन्यांत तोंड पुसणं पुन्हा वाढलंय. दिवसातून चारदा, कधी सहादा. ऐन थंडीत. घामाचं काही द्या. आणि हो, पाळी परत आलीय म्हणाली, त्यावर साल मागितलीय. गाठी मोजायला चुकली होती, आता दोन आहेत."

मी सुतळी पुढं केली. आक्कानं ती घेतली, डोळे मिटले आणि अंगठा आणि बोट यांच्यातून हळूहळू ओढायला लागली. पहिल्या गाठीवर थांबली. दुसऱ्या गाठीवर थांबली. मग गाठ नसलेल्या जागीही थांबली. पुढं सरकली, पुन्हा थांबली. तिचे ओठ हलत होते. सुतळीचं एक टोक राहिलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"मास्तर, हिकडं बोट लाव. काय लागतंय?"

मला खरबरीत सुतळी लागली. मग तिनं माझं बोट धरून ओढत नेलं तेव्हा कळलं. गाठ बसून उठलेल्या जागी सुतळीला वळ पडतो. गाठ सोडली तरी तो जात नाही.

"पंधरा वळ हायेत," आक्का म्हणाली. "आन गाठी दोन. तुझी बायको मोजायला चुकली न्हाई."

माझ्या हातातून दावं सुटलं. बोकड गेला. आक्कानं त्याच्याकडं बघितलंही नाही आणि त्यानंच मला भीती वाटली. ती उठली, वाडग्यातल्या सुनेला हाक मारून मेंढरं बघ म्हणाली आणि माझ्या स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली. आक्का कुणासाठी उठते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती स्कूटरवर कधी बसलीही नव्हती. एका बाजूला पाय सोडून, माझा खांदा असा धरून बसली, की नंतर दोन दिवस बोटांचे ठसे होते.

अर्ध्या रस्त्यात मी विचारलं, "आक्का, काय असंल?"

एक ट्रॅक्टर मागं पडला, मग म्हणाली, "माझी थोरली भन व्हती. तिची पाळी जाऊन दोन वरसं झाल्ती. परत दिसाया लागलं. मी साल उकळून दिली. थांबलं. समद्या गावानं माझं नाव काढलं." मग घोंगडी सावरून, "माझ्या हातचं पिऊन तिला बरं वाटायलं, तेच वाईट झालं. परत सुरू झालं तवा दवाखान्यात न्हेली. डाक्टर म्हनला, आदी कुटं व्हता तुमी."

पुढचा रस्ता मी कसा चालवला ते मला आठवत नाही. फाटकाशी गाडी यायची होती म्हणून थांबावं लागलं. मालगाडी. तिचे डबे मी मोजत होतो, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं.

बायको ओट्याशी मेथी निवडत होती. माझ्यामागं आक्का दिसली तशी तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. आक्कानं उंबऱ्यातूनच सुतळी वर धरली.

"माय, कितींदा?"

बायकोनं जुडी ताटात ठेवली.

"मी तुला वरडाया आली न्हाई. कितींदा दिसलं?"

"दोनदा. पहिल्यांदा पोखर्णीला. पुरण शिजत होतं तेव्हा. नुसता डाग होता. आता परवा... जास्त आहे."

"मी काय सांगितलं व्हतं, ध्यानात व्हतं का?"

"होतं ना." बायकोचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणून तर सोडल्या. गाठीच राहिल्या नाहीत तर बारा कुठं झाल्या? मग पाळीच आली असंल असं होतं ना ते." आणि मग तिला हुंदका आला. "नैवेद्य होता हो आक्का. माझ्या हातचा सगळ्यांनी खाल्ला, देवानं खाल्ला. कुणाला सांगू मी? नरसिंहाचं कडक दैवत ते. वाटलं, त्याचंच काहीतरी पोटात सुरू झालंय."

आक्का खाली बसली. मेथीची जुडी तिनं स्वतःच्या हातात घेतली आणि दोन काड्या निवडल्या. "हे बघ माय," म्हणाली, "नरसिंव्हानं पोट फाडलं ते राक्षसाचं. बाईचं न्हाई. बाईचं आंग त्येनंच केलंय, त्येला इटाळाची फिकीर आसती तर येगळं केलं आसतं. ऊठ. लुगडं बदल. मास्तर, गाडी काड."

दवाखान्यात आक्का आत आली नाही. बाहेर भिंतीला पाठ लावून, घोंगडी ओढून बसली. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटची पाळी कधी. बायको घाबरून गेली होती, तिला आठवेना. मी वही काढली आणि तारीख सांगितली. किती महिने काही नव्हतं तेही सांगितलं. वजन कधीपासून वाढलं, गोड किती खाते, आईला साखर होती का, सगळं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. बायको माझ्याकडं बघत राहिली. आयुष्यात मला परीक्षेत पहिल्यांदा सगळी उत्तरं आली आणि मला ती यायला नको होती.

सोनोग्राफी झाली. पिशवीचं अस्तर जाड झालं होतं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ-दहा दिवस लागतील म्हणाले.

ते दिवस मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. मी वही लिहायची सोडली. फोन वाजला की आम्ही दोघंही एकमेकांकडं बघायचो आणि मग तो कुणाच्या तरी लग्नाचा असायचा. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर ओट्यावर स्वयंपाकघरातले सगळे डबे मांडलेले. बायको कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर लिहीत होती आणि डिंकानं चिकटवत होती. जिरं. मोहरी. काळा मसाला. भाजलेलं जवस. सव्वीस वर्षं त्या घरात एका डब्यावर नाव नव्हतं.

"हे कशाला?"

"असू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला सापडत नाही."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

आक्का रोज यायची. दुपारच्या गाडीनं परभणीला, पाचच्या गाडीनं परत. औषधं ती देत नव्हती, धीरही देत नव्हती. ओसरीत बसून बायकोचे तळपाय दाबायची आणि शेळ्यांच्या गोष्टी सांगायची. कोणती व्याली, कुणी कुणाचा पाला खाल्ला. एकदा मी तिला गाडीत बसवायला गेलो. फलाटावर तिनं घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. मी म्हणालो, आक्का, तुमाला थंडी वाजायलीय. म्हणाली, "थंडी न्हाई. माझ्याच सुतळीनं तिला लपायला जागा दिली. गाठ सोडायची मुभा मीच दिली व्हती, न्हाई का?" गाडी उशिरा होती आणि त्या दिवशी आक्कानं रेल्वेला शिव्या दिल्या.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला. "कॅन्सर नाही," म्हणाल्या. मग हात वर करून मला थांबवलं, कारण मी उठायला लागलो होतो. "नाही, पण त्या वाटेला लागलेलं आहे. आणखी सहा-आठ महिने घरी बसला असता तर मी हे वाक्य बोलू शकले नसते. पिशवी काढून टाकू." बाहेर येऊन मी भिंतीशी बसलेल्या आक्काला सांगितलं. तिनं नुसती घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. घोंगडी हलत होती.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो डब्यांचा. "जवस संपलंय का बघितलं?" मी म्हणालो, बघितलं, वाचता येतं आता.

त्यानंतर आक्कानं रीत बदलली. बायांना निरोप धाडून जुन्या सुतळ्या मागवल्या आणि लिंबाखाली जाळल्या. नवी सुतळी देताना सांगायची, गाठ कधीच सोडायची नाही. मधे काही दिसलं तर त्या जागी लाल दोरा बांधायचा आणि पुढं जायचं. आणि सुतळी नवऱ्याच्या खिशात राहील. प्रत्येक नव्या बाईला ती माझ्या बायकोची गोष्ट सांगायची आणि शेवटी, चूळ भरून, स्वच्छ तोंडानं म्हणायची, "चूक तिची न्हाई. माझी व्हती." अमुक एका मास्तराच्या हातून बोकड सुटलं होतं, हेही सांगायची. ते गाळलं असतं तरी चाललं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. एका दुपारी लिंबाला टेकून बसली ती तशीच. सून म्हणाली, दुपारची गाडी गेली तरी ही उठली नाही, तेव्हा कळलं.

दहाव्याला आम्ही दोघं पिंगळीला जाऊन आलो. संध्याकाळी घरी आल्यावर माझा ऊर भरून आला होता आणि असं झालं की मी बोलत सुटतो. मी कपाटातून ती वही काढली. म्हणालो, "काय बाई होती. मला माझी बायको बघायला शिकवलं तिनं. नाहीतर मी काय, आंधळाच होतो." आणि वही बायकोच्या मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत तिनं ती कधी उघडली नव्हती.

तिनं चष्मा लावला. सुरुवातीची पानं वाचून हसली. 'कारण नमूद नाही'ला तर मोठ्यानं हसली. मग ती शेवटच्या पानांवर आली. पोखर्णीनंतरची दोन-अडीच महिन्यांची पानं. 'पदराने तोंड पुसले, चार वेळा.' 'पदराने तोंड पुसले, सहा वेळा.' ती पानं तिनं परत मागं जाऊन वाचली. चष्मा काढला, वही मिटून माझ्या हातात दिली.

"आकडे बरोबर आहेत तुमचे," ती म्हणाली. "पण त्या दिवसांत मला घाम येत नव्हता."